ज्या जंतूला प्राणी मिळेना

सेवाग्राम आश्रमात बापूकुटीपासून थोड्याच अंतरावर परचुरे शास्त्रींची कुटी आहे. शास्त्रीबुवा संस्कृतचे पंडित. येरवड्याच्या तुरुंगात ते गांधीजींबरोबर होते. पुढे कुष्ठरोगाने त्यांना घरदार सोडायला लावले आणि १९३९ मध्ये ते आश्रमाच्या दारी आले. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले, स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केले. तो फोटो आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. आश्रम पाहायला आलेली मंडळी तिथे क्षणभर थांबतात, हात जोडतात आणि पुढे जातात. शास्त्रीबुवांना औषध काय मिळत होते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. खरे तर औषध असे फारसे नव्हतेच. कडूकवठीच्या जातीच्या बियांचे तेल हा तेव्हाचा जगभरचा उपचार. पोटात घेतले तर ओकारी, टोचून घेतले तर गाठी आणि गळवे, आणि गुण येईल याची खात्री नाही. शास्त्रीबुवा पुढे वर्ध्याजवळच्या दत्तपूरला गेले. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये तिथे कुष्ठधाम उभे केले होते. १९४५ मध्ये शास्त्रीबुवांचे निधन झाले.

मालिश करणारे ते हात ज्या माणसाचे होते, तो प्राण्यांवरच्या वैद्यकीय प्रयोगांचा कट्टर विरोधक होता. ‘हिंद स्वराज्य’ १९०९ चे. त्यात युरोपीय डॉक्टर माणसाच्या शरीराची फाजील काळजी वाहण्यापायी दरवर्षी हजारो जनावरे मारतात, ही त्यांची तक्रार आहे. डिसेंबर १९२५ मध्ये ‘यंग इंडिया’त ते आणखी पुढे गेले. जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीची मला मनापासून किळस आहे आणि निरपराध रक्ताने डागाळलेल्या शोधांची मला काडीची किंमत वाटत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. याच्या जेमतेम दोन वर्षे आधी, जानेवारी १९२४ मध्ये, पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांचे आंत्रपुच्छ काढून त्यांचा जीव वाचवला होता. शस्त्रक्रियेचे ज्ञान प्राण्यांच्या देहावरूनही आले आहे, तेव्हा विसंगतीवर बोट ठेवणे सोपे आहे. मला त्यात फारसा रस नाही. आपण सगळेच अशा ऋणावर जगतो, आणि गांधीजींनी निदान ते ऋण आहे हे तरी ओळखले होते.

सेवाग्रामच्या परिसरात साप भरपूर. गांधीजींच्या सांगण्यावरून आश्रमात साप मारत नसत, पकडून दूर नेऊन सोडत. पण वर्धा जिल्ह्यात कपाशीच्या ओळीत निंदण करणाऱ्या बाईला घोणस चावली, तर तिला वाचवणारी प्रतिविषाची कुपी घोड्याच्या रक्तातून येते. घोड्याला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष थोडे थोडे टोचत जातात, त्याच्या रक्तात प्रतिकारद्रव्य तयार होऊ देतात, मग रक्त काढतात. औषध किती जोरकस आहे हे पाहायला विष आणि प्रतिविष यांचे मिश्रण उंदरांना टोचून त्यांतले किती जगले, ते मोजतात. साप सोडून देणे आणि सर्पदंशाचा रुग्ण वाचवणे या दोन्ही गोष्टी याच गावात झाल्या आहेत. मधल्या घोड्याचा आणि उंदराचा उल्लेख कुठेच होत नाही.

तरीही या जिल्ह्यात हा प्रश्न खऱ्या अर्थाने समजून घ्यायचा, तर सापापेक्षा कुष्ठरोगच धरावा लागतो. कारण या रोगाच्या बाबतीत जवळजवळ नव्वद वर्षे प्रयोगाला प्राणी मिळालाच नाही. प्राण्यांवर प्रयोग न करता वैद्यक कसे चालले असते, असा प्रश्न आपण हवेत विचारतो. कुष्ठरोगाच्या इतिहासात त्याचे उत्तर घडून गेले आहे.

नॉर्वेतल्या बर्गन गावी गेरहार्ड आर्माउअर हॅन्सनला हा जंतू १८७३ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. माणसात रोग निर्माण करणारा म्हणून ओळखला गेलेला हा अगदी पहिल्या काही जंतूंपैकी एक. पण दिसला म्हणजे सिद्ध झाला असे नव्हे. जंतू बाहेर वाढवायचा, निरोगी प्राण्याला टोचायचा, तोच रोग झाला पाहिजे, ही त्या काळात घडत असलेली शिस्त. हॅन्सनचा जंतू कुठल्याच बशीत वाढेना. ससे, गिनीपिग, माकडे, ज्याला टोचावे तो ठणठणीत. हॅन्सनचे सासरे डॅनियल डॅनियलसन रोग आनुवंशिक आहे असे मानत. त्यांनी तर स्वतःला आणि आपल्या कर्मचाऱ्यांना रोग्याच्या गाठींतला द्रव टोचून घेतला होता. कोणालाच काही झाले नाही.

मग ३ नोव्हेंबर १८७९ रोजी हॅन्सनने रुग्णालयातल्या एका बाईच्या डोळ्यात दुसऱ्या रोग्याच्या गाठीतला अंश शस्त्राने घातला. तिला विचारले नव्हते. १८८० मध्ये खटला झाला आणि न्यायालयाने त्याला रुग्णालयातल्या पदावरून दूर केले. बाईने नाही म्हटले असते म्हणून विचारले नाही, अशा अर्थाचे त्याचे उत्तर होते. हवाईत १८८४ मध्ये एडुआर्ड आर्निंग नावाच्या डॉक्टरने कियानू या फाशीच्या कैद्याला रोग टोचला, त्या बदल्यात फाशी टळली. तीनेक वर्षांत कियानूला कुष्ठरोग झाला आणि जगाला पुरावा मिळाल्यासारखे वाटले. नंतर कळले की त्याच्या घरच्या काही माणसांना आधीच हा रोग होता. म्हणजे पुरावा पाण्यात, आणि कियानू १८९२ मध्ये मोलोकाई बेटावरच्या रोग्यांच्या वस्तीत मेला.

प्राणी नव्हता तेव्हा त्याची जागा कोणी घेतली, हे इथे स्पष्ट दिसते. रुग्णालयात वर्षानुवर्षे कोंडलेली बाई. फाशीचा कैदी. ज्यांचे नाही म्हणणे कोणी ऐकणार नव्हते, अशी माणसे. प्राण्यांवरचे प्रयोग उद्या बंद करा, असे म्हणणाऱ्यांच्या कळकळीबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्यापैकी कोणी मला या दोन प्रकरणांचे उत्तर दिलेले नाही.

तिसरे प्रकरण वर्धा जिल्ह्याशी नाते सांगणारे आहे आणि वेगळ्या जातीचे आहे. मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे बाबा, २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला जन्मले. कुष्ठरोग्यांसाठी काम करायचे ठरवल्यावर ते १९४९ च्या सुमारास कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिकायला गेले. संशोधन कुठे अडले आहे, हे तिथे त्यांना समजले. जंतू प्राण्यात वाढत नाही, म्हणून नवी औषधे तपासता येत नाहीत, लस करता येत नाही. माणसाच्या शरीरात वाढतो हे तर दिसतच होते. बाबांनी आपले शरीर पुढे केले आणि जंतू टोचून घेतले. रोग झाला नाही. विज्ञानाच्या दृष्टीने त्यातून फारसे काही हाती लागले नाही. बहुतेक माणसांच्या अंगी या जंतूविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते, हे आज आपल्याला माहीत आहे.

बाबांच्या या कृतीकडे आपण शौर्य म्हणून पाहतो, आणि ते होतेच. पण नीतीच्या हिशेबात तिचे मोल आणखी एका कारणाने आहे. बर्गनच्या बाईला विचारले नव्हते. कियानूला विचारले, पण गळ्यात फास असताना. बाबांना कोणी विचारायच्या आधीच त्यांनी होकार दिला. या तिघांच्या रांगेत उंदीर उभा केला, तर तो बाबांच्या शेजारी नसून बर्गनच्या बाईच्या शेजारी उभा राहतो. त्याला विचारता येत नाही आणि त्याच्या वतीने होकार देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगाचे समर्थन करणाऱ्याने हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. मी समर्थन करणाऱ्यांपैकी आहे, म्हणून म्हणतो.

दरम्यान औषध आले होते, तेही प्राण्यांच्याच वाटेने, फक्त आडवळणाने. सल्फोन गटातले प्रोमिन हे औषध १९४० मध्ये फेल्डमन आणि हिनशॉ यांनी क्षय झालेल्या गिनीपिगवर वापरले, तेव्हा त्यांचा क्षय आटोक्यात आला. माणसाच्या क्षयावर ते तितके चालले नाही. पण क्षयाचा जंतू आणि कुष्ठरोगाचा जंतू हे एकाच कुळातले. म्हणून अमेरिकेतल्या कारव्हिल इथे गाय फॅजेट यांनी १९४१ मध्ये ते कुष्ठरोग्यांना देऊन पाहिले आणि वर्षानुवर्षांची व्रणे भरू लागली. त्याचेच साधे, स्वस्त रूप म्हणजे डॅप्सोनची गोळी. १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. डॉ. र. वि. वार्डेकरांनी सेवाग्रामच्या परिसरातून गावोगाव फिरून रोगी शोधायचे, लोकांना समजवायचे आणि घरच्या घरी गोळी द्यायची, अशी पद्धत बसवली. रोग्याला गावाबाहेर काढायची गरज उरली नाही. पुढे देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमाने हीच रीत उचलली.

पण डॅप्सोन वर्षानुवर्षे घ्यावी लागे, कित्येकांना जन्मभर. आणि काही रोग्यांत दहा-पंधरा वर्षांनी चट्टे, गाठी परत येऊ लागल्या. गोळी नीट घेतली नाही, असे म्हणून डॉक्टर मोकळे होत. रोग्याचे म्हणणे खरे की डॉक्टरचे, हे ठरवायला साधन नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली मेलेला जंतू आणि जिवंत जंतू जवळपास सारखेच दिसतात.

ते साधन १९६० मध्ये चार्ल्स शेपर्ड या अमेरिकी संशोधकाने दिले. कुष्ठरोग माणसाच्या कानाच्या पाळ्या, नाक, बोटे अशा गार भागांत जास्त असतो, हे जुने निरीक्षण. मग प्राण्याच्याही गार भागात जंतू घालून पाहावा, असा विचार पुढे आला होता. शेपर्डने उंदराचा तळपाय निवडला. पाच-दहा हजार जंतू टोचले, तर सहा-आठ महिन्यांत ते दहा लाखांच्या घरात जातात. इतका वेळ लागतो, कारण या जंतूला एकाचे दोन व्हायला सुमारे तेरा दिवस लागतात. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हेच काम वीस मिनिटांत करतो. उंदराच्या तळपायातली वाढ दहा लाखांपाशी थांबते, कारण त्याची प्रतिकारशक्ती जागी होते. उंदीर कुष्ठरोगी होत नाही, लंगडत नाही. शेवटी जंतू मोजण्यासाठी त्याला मारतात, हे मात्र आहेच. पुढे लंडनमध्ये रीस यांनी थायमस ग्रंथी काढून आणि किरणोत्सर्ग देऊन प्रतिकारशक्ती खच्ची केलेले उंदीर वापरले. त्यांच्यात रोग सर्वांगभर पसरतो. त्यांचे हाल वेगळे, आणि दोन्ही प्रयोगांना एकाच मापाने मोजणे चूक आहे.

या तळपायाने पहिले महत्त्वाचे उत्तर १९६४ मध्ये दिले. मलेशियातल्या सुंगेई बुलो इथल्या रोग्यांचे जंतू पेटिट आणि रीस यांनी उंदरांत घातले आणि त्या उंदरांना डॅप्सोन मिसळलेले खाद्य दिले. तरी जंतू वाढले. म्हणजे गोळी न घेतल्याचा आळ खोटा होता, जंतूच औषधाला निर्ढावला होता. नंतर १९७० मध्ये असेच दिसले की रिफॅम्पिसिन घेतलेल्या रोग्याच्या कातडीतले जंतू काही दिवसांतच उंदरात वाढेनासे होतात. डॅप्सोनला यासाठी महिनोन्‌महिने लागत. या दोन निष्कर्षांवरच जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन एकत्र द्यायची शिफारस केली. बहुविध औषधोपचार देशात सुरुवातीला ज्या मोजक्या जिल्ह्यांत नेला गेला, त्यांत वर्धा होता. १९८१ मध्ये भारतात दर दहा हजारांमागे सुमारे ५८ कुष्ठरोगी होते. २००५ च्या अखेरीस हा आकडा एकाच्या खाली आला. जन्मभराचा उपचार आधी दोन वर्षांवर आणि नंतर सहा ते बारा महिन्यांवर आला. चट्ट्यावर चिमटा घेतलेला कळत नाही म्हणून उपकेंद्रात आलेली आर्वी-कारंज्याकडची बाई आज गोळ्यांची पट्टी घेऊन एसटीने घरी जाते. त्या पट्टीत मलेशियातले रोगी आहेत आणि लंडनचे उंदीरही.

इथवर वाचून कोणाला वाटेल की प्राणी नेहमी खरे सांगतात. अजिबात नाही. त्याच पट्टीतले क्लोफॅझिमिन पाहा. डब्लिनमध्ये व्हिन्सेंट बॅरी यांच्या चमूने ते १९५० च्या दशकात क्षयासाठी बनवले. उंदरांत आणि हॅमस्टरांत उत्तम चालले. गिनीपिगमध्ये आणि माकडांत ते आतड्यातून नीट शोषलेच जात नव्हते, म्हणून तिथे निकाल वाईट आला. औषध बाजूला पडले. १९६२ मध्ये नायजेरियात ब्राऊन आणि होगरझील यांनी कुष्ठरोग्यांवर वापरून त्याला परत आणले नसते, तर ते कपाटातच राहिले असते.

थॅलिडोमाइडची गोष्ट याहून कडवट, आणि तीही कुष्ठरोगापाशीच येऊन थांबते. जर्मनीत १९५७ मध्ये झोपेचे निर्धोक औषध म्हणून ते बाजारात आले. गरोदर बायकांनी मळमळीवर घेतले आणि हजारो मुले हातापायांविना जन्मली. १९६१ मध्ये ते मागे घेतले गेले. प्राण्यांवर तपासून काय उपयोग झाला, असे या उदाहरणावरून म्हणतात, आणि प्राण्यांवर तपासलेच पाहिजे हे सांगायलाही हेच उदाहरण देतात. खरे असे की गाभण प्राण्यांवर ते नीट तपासलेलेच नव्हते. तपासले असते तरी घुशी-उंदरांच्या जातींत दोष फारसा दिसला नसता, सशांत आणि माकडांत दिसला असता. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन यांनी एका कुष्ठरोग्याला झोप यावी म्हणून ते दिले आणि त्याची वेदनामय गाठींची ‘रिअ‍ॅक्शन’ उतरली. आजही अशा रिअ‍ॅक्शनवर ते कडक देखरेखीत देतात. कोणत्या प्राण्याने हे सांगितले असते? कोणत्याच नाही.

मग प्राण्याला विचारावे काय आणि काय विचारू नये? तळपायात जंतू टोचलेल्या उंदराला एकच अरुंद प्रश्न होता: हा जंतू जिवंत आहे का, आणि या औषधाने मरतो का? त्याचे उत्तर त्याच्या उंदीरपणावर अवलंबून नव्हते, म्हणून ते माणसाला लागू पडले. औषध शोषले जाईल का, गर्भाला इजा होईल का, हे प्रश्न जातीगणिक बदलणारे आहेत. तिथे एका जातीचा शब्द प्रमाण मानला की घात होतो. प्रयोगाचे मोल प्राण्यात नसून प्रश्नात असते, असे मला वाटते, आणि नीतीचाही बराचसा निवाडा तिथेच होतो. ज्या प्रश्नाचे उत्तर त्या प्राण्याकडे नाहीच, त्यासाठी त्याला मारणे हे वाईट विज्ञानही आहे आणि क्रौर्यही.

आर्माडिलोची हकिगत थोडक्यात सांगतो. दक्षिण अमेरिकेपासून अमेरिकेच्या दक्षिण भागापर्यंत आढळणारा, अंगावर हाडांचे कवच असलेला हा प्राणी. त्याच्या शरीराचे तापमान बत्तीस ते पस्तीस अंश. किर्चहाइमर आणि एलिनॉर स्टॉर्स यांनी १९७१ मध्ये त्याच्यात रोग निर्माण करून दाखवला. त्याच्या यकृतात जंतू अब्जावधींनी मिळू लागले. आर्माडिलो पिंजऱ्यात सहसा वीत नाही, म्हणून तो रानातून धरून आणावा लागे. तामिळनाडूच्या एका रोग्याचा जंतू अशाच आर्माडिलोत वाढवून त्याचा संपूर्ण जनुकसंच २००१ मध्ये वाचला गेला. त्यात हजाराहून अधिक जनुके मोडकी, निकामी निघाली. हा जंतू बशीत का वाढत नाही, याचे कोडे तिथे बरेच उकलले: परक्या पेशीत राहून राहून त्याने स्वतःचा संसारच मोडीत काढला आहे.

आणि याच वाचनामुळे उंदीर काही प्रमाणात सुटला. औषधाला निर्ढावलेपण कोणत्या जनुकातल्या कोणत्या बदलाने येते हे कळल्यावर, रोग्याच्या कातडीच्या कणावरून पीसीआर तपासणीत ते काही दिवसांत समजते. त्यासाठी आता वर्षभर उंदीर पाळावे लागत नाहीत. पर्याय आला, पण तो प्राण्यांवरच्या कामातूनच आला. नव्या औषधासाठी मात्र अजून उंदीरच लागतो, कारण जंतू बशीत आजही वाढत नाही.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत वाटतो त्यापेक्षा समंजस आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत विषय लावून धरला आणि १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्याने नव्या ज्ञानासाठीचे प्रयोग बेकायदा ठरवले नाहीत. पण पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांनी भागत असेल तिथे शिकवण्यासाठी प्राणी वापरू नये, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये, असे त्यात तेव्हाच लिहिले होते. १९९८ च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत नीती समिती आणली. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली पर्याय, कपात आणि सौम्यता ही त्रिसूत्री प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या आपल्या केंद्रीय समितीने मान्य केली आणि प्रयोगानंतर प्राण्याचे पुनर्वसन हे चौथे सूत्र जोडले. प्रसाधनांसाठीच्या चाचण्या २०१४ मध्ये बंद झाल्या, फार बरे झाले. २०२३ च्या दुरुस्तीने नव्या औषधासाठी पेशी, अवयवांच्या प्रतिकृती आणि संगणकीय पद्धतींनाही दार उघडले.

महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामात सुरू केली. तिथे हत्तीपायावरच्या संशोधनात उंदीरवर्गातले प्राणी वापरले गेले. गांधीजींच्या नावाच्या संस्थेत हे कसे, असे कोणी विचारले तर मला तो प्रश्न गैर वाटत नाही. विचारावाच. पण त्याआधी देशभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पन्नास वर्षे काय चालले ते आठवा. बेडकाचा मेंदू सुईने ढवळायचा, त्याचा स्नायू तारेला बांधायचा आणि काजळी धरलेल्या कागदाच्या ढोलावर वक्ररेषा काढायची. ती वक्ररेषा पाठ्यपुस्तकात छापलेलीच असे. त्यातून एकही नवी गोष्ट कळली नाही. १९६० च्या कायद्यात नेमके हेच टाळायला सांगितले होते, तरी ढोल फिरायचे थांबायला नवे शतक उजाडावे लागले.

आज संस्थांच्या नीती समित्या किती उंदीर, कोणत्या जातीचे, भूल कोणती, हे बारकाईने विचारतात. हा प्रश्न या प्राण्याला विचारण्यासारखा आहे का, आणि हाच प्रयोग आधी कोणी करून फसला आहे का, हे तितक्याच बारकाईने विचारले पाहिजे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा मिळतच नाही, कारण फसलेले प्रयोग छापले जात नाहीत. मग तोच प्रयोग दुसऱ्या शहरात, दुसऱ्या उंदरांवर पुन्हा फसतो. सार्वजनिक पैशातून झालेल्या प्राण्यांवरच्या प्रत्येक प्रयोगाचा निकाल, फसला असला तरी, प्रसिद्ध करण्याचे बंधन घालायला नवी प्रयोगशाळाही लागत नाही आणि नवे तंत्रज्ञानही.